दोरी डाव्या हाताची

होडीचं इंजिन कायमचं बंद पडलं, तेव्हा निहारचे बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "नवा नको, जुनाच बघ." निहारने बंगळुरूत बसून होडीच्या मागे बसवायची दोन जुनी आऊटबोर्ड इंजिनं शोधली, दोन्ही आठ हॉर्सपॉवरची. ऑफिसात करतो तसा तक्ता केला. टू-स्ट्रोक सत्तावीस किलोचं, पण पेट्रोल पिणारं. फोर-स्ट्रोक अडतीस किलोचं, पण आवाज कमी.

सर्जापूर रोडवर कॅब अडकली, तसा त्याने मालवणला घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी तो नेहमीसारखा कापला आणि साधा फोन केला. गेले तीन महिने म्हणे त्यांच्याकडे व्हिडिओपुरती रेंज नव्हती.

निहारने अख्खा तक्ता वाचून दाखवला. बाबांनी पेट्रोलचं विचारलं नाही, वजनाचंही नाही.

"चालू करूची दोरी डाव्या हातान ओढूक जमात ना रे?"

हा रकाना निहारच्या तक्त्यात नव्हता. तो हसला. "डाव्या हातान कित्याक, बाबा? तुमी तर उजव्या हातान एका झटक्यात चालू करतास."

बाबांच्या मागून आईचा दबलेला आवाज आला.



"तेका सांगूचा नाय असा ठरलेला ना आपला?"