बधिर हाताचे दोन तास

डॉ. काण्यांनी बोट उलटसुलट करून पाहिलं आणि चिमटा ट्रेमध्ये टाकला. "उडवू या. वीस मिनिटांत मोकळे. सहाला मुलुंडला दुसरी केस आहे माझी."

"साहेब, मी जागा आहे हां," हिरव्या पडद्यापलीकडून आवाज आला.

झाली ना पंचाईत! काण्यांना सवय झोपलेल्या माणसांची. झोपलेला माणूस कसा गुणी असतो, त्याच्यादेखत काहीही बोला. हा धाकू घाडी मात्र दुपारी पोटभर डबा खाऊन पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर उभा राहिला आणि तासाभरात उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मशीनखाली चेंगरून अंधेरीच्या या नर्सिंग होममध्ये आला. भरल्या पोटी भूल द्यायची म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून भूल देणाऱ्या डॉ. मृणालिनीने मानेच्या बुडाशी सुई टोचून नुसता हात बधिर केला होता, म्हणजे ब्लॉक दिला होता. बाकी माणूस टक्क जागा.

"काय रे, प्रेसवरच आहेस ना?" काणे पडद्यावरून डोकावले. "त्या कामाला चार बोटं पुरतात."

"प्रेस काय कायमची नाय, साहेब. मी मिलमधला साचेवाला, माग चालवणारा. मिल उघडली की परत साच्यावर जाणार. तिथे धागा तुटला की ह्याच बोटाने गाठ मारायची असते. ते गेलं तर मला दारात उभा कोण करील?"

मिल उघडली की! गिरण्यांच्या संपाला तीन वर्षं होऊन गेली होती. काण्यांनी मृणालिनीकडे पाहिलं, तिने सलाइनच्या बाटलीकडे. तिला संताप आला होता. कुणाचा, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"सर, एका बाजूने बोटाला रक्त पोचतंय," ती म्हणाली. "सळई घालून जुळवता येईल."

"दोन तास जातील. तुझा ब्लॉक धरेल तेवढा?"

"धरेल."

कसली खात्री न् कसलं काय! द्यायचं तेवढं सगळं औषध देऊन झालं होतं, वर थेंबभरसुद्धा देता येणार नव्हतं.

"ऐक रे," काणे धाकूला म्हणाले. "मध्येच हात जागा झाला तर मी अर्धवट लटकवून ठेवणार नाही. काढून टाकीन. आधीच सांगतो." मग सिस्टरकडे वळून ओरडले, "मुलुंडला फोन करा, उशीर होईल म्हणावं. शिव्या खाईन त्यांच्या." आणि टाके घालायची बारीक सुई मागितली.

मृणालिनी धाकूच्या उशाशी स्टुलावर बसली, त्याच्या डाव्या मनगटाची नाडी धरून. धाकूला कुठलं स्वस्थ पडवतंय! दर पाच मिनिटांनी मान उचलायचा.

"किती झालं, बाई?"

"अर्धा तास. पडून राहा. हाताला काही कळतंय?"

"हात कुठे आहे तोच कळत नाय. पोटावर ठेवल्यासारखा वाटतो." हात तर बाजूच्या फळीवर पसरलेला होता.

तास झाला. सव्वा तास. धाकू बडबडत होता, डोंबिवलीच्या भावाचं, गळक्या नळाचं, कशाचंही. पावणेदोन तासांनी मृणालिनीच्या लक्षात आलं की तो गप्प झालाय. नाडी केवढी पळत होती! चादरीखाली त्याच्या पायाची बोटं आवळलेली होती.

"दुखतंय?"

"नाय."

"खरं सांगा."

"नाय म्हटलं ना, बाई!" तो खेकसलाच.

ती त्याच्या कानाशी वाकली. "धाकू, अहो, कधीपासून?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. इतका वेळ साहेबांशी जपून बोलणारा माणूस, आता नुसती मालवणी बाहेर पडली. "पाव तास झालो. ताच बोट दुखता. शेंड्याक. साहेबांका सांगू नकात, बाई, पाया पडतंय."

शेंड्याला? मृणालिनी ताडकन उभी राहिली. चेंगरलं होतं ते मधलं पेर. शेंडा त्याच्या पुढे. मधे संवेदनेची नस तुटली असती तर तिथे काही दुखण्याचा प्रश्नच नव्हता.

"सर, त्याला दुखतंय."

"बाई!" धाकू कळवळून ओरडला. "नाय साहेब, खोटं आहे! बिलकूल दुखत नाय! चालू द्या!"

काण्यांचा हात थांबला. "ब्लॉक उतरला?"

"उतरतोय. पण बोटाच्या शेंड्याला दुखतंय म्हणतो, सर. शेंड्याला."

 काण्यांनी सुई घेतली आणि बोटाच्या टोकाला हलकेच टोचली.

"आये गे!"

खाली रस्त्यावरच्या पानवाल्यालाही ऐकू गेलं असेल. दारातली आया धावत आत आली. 

"जिवंत आहे रे तुझं बोट," काणे मास्कच्या आतून म्हणाले.  "दोन टाके राहिलेत. काढत नाही मी काही. ओरड लागेल तेवढा."

 धाकू छताकडे बघत धापा टाकत होता.

"साहेब," तो म्हणाला, "परत एकदा टोचा."