बिल्ल्यासाठी एक बाज

बाजेवर निजायला गावातली एकही बाई तयार होईना.

कोकिळानं सकाळपासून सात घरं पालथी घातली. चैत्राच्या जत्रेत देवीच्या टेकडीवर कुणाचा पाय मुरगळला, कुणाला भोवळ आली, की तिचे वडील वामनराव आणि त्यांचं पथक त्या माणसाला बाजेवर घालून खाली आणत. सात वर्षं, एक पैसा न घेता. पण गेल्या साली स्वयंसेवकांचा बिल्ला मिळाला तो वरवट बकालच्या पथकाला. तेव्हापासून वामनरावांनी वरवटच्या बाजाराला जाणंच सोडलं होतं.

यंदा तालुक्याहून मोतीरामसाहेब स्वतः येणार होते. प्रात्यक्षिक पाहायचं आणि पसंत पडलं तर जागच्या जागी बिल्ला लावायचा, असं कागद पाठवून त्यांनी कळवलं होतं. पथक होतं, बाज होती, शिट्टी होती. नव्हता फक्त पेशंट.

बायांचं म्हणणं एकच. चौघांच्या खांद्यावरून जायचं ते आयुष्यात एकदाच, त्याची तालीम कशाला?

शेवटी कोकिळाची अंबूबाई काकू म्हणाली, "होऊ दे तालीम. त्या दिवशी काई मले पाहाले भेटत नाही."

काकूची अडचण वेगळीच होती. वामनराव तिचे थोरले दीर. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर तिनं ना पदर वर केला, ना तोंडातून शब्द काढला. भाजीत मीठ हवंय का, हेसुद्धा ती कोकिळाच्या कानात विचारायची आणि कोकिळा ते मोठ्यानं बोलायची. त्यामुळेच कोकिळाचा आवाज एवढा खणखणीत झाला, असं शाळेतल्या बाई म्हणत.

नववीत पहिली आलेल्या कोकिळापुढे अशा अडचणी टिकत नसत. तिनं वहीत सगळं नाटकच लिहून काढलं. काकूनं हिरवं लुगडं नेसायचं. देवीचा रंग, म्हणजे अपशकुन म्हणायला कुणाला जागा नको. पदर हनुवटीपर्यंत. टेकडीच्या तिसऱ्या वळणावर, जिथून शेवटच्या पायऱ्या सुरू होतात, तिथल्या चपट्या दगडावर बसून राहायचं. आणि पथक आलं की, खरे पेशंट ओशाळून करतात तसा नकार द्यायचा.

"म्हणायचं, सोडा मले, माह्या पायानं जाऊ द्या," कोकिळानं शिकवलं. "अन् ओरडून म्हणजो काकू. साहेबाले खरं वाटलं पाह्यजे."

काकूनं मान हलवली. पण दिरांसमोर तिचा आवाज निघेल की नाही, ही धास्ती कोकिळाला होतीच.

दहा वाजता पायथ्याच्या मांडवात साहेब येऊन बसले. त्यांच्या घरची मंडळीही देवीला आली होती. कुणी तंबूत होतं, कुणी दर्शनाला गेलं होतं. साहेब ताक पीत मोठ्या खुशीत बोलत होते. बढतीचा हुकूम आज येतो की उद्या, एवढंच बाकी होतं. मला घाई नाही, म्हणाले, घरच्यांनाच जास्त.

शिट्टी झाली. वामनराव पुढं आणि बाज घेतलेले चौघं मागं, असं पथक टेकडी चढून दिसेनासं झालं. कोकिळा घड्याळ धरून उभी राहिली.

पंचविसाव्या मिनिटाला बाज दिसली. त्याआधी आवाज आला.

"सोडा मले. माह्या पायानं जाऊ द्या."

कोकिळा हातातलं घड्याळ पाहायचंच विसरली. अठरा वर्षांचं मौन तिच्या वहीनं फोडलं होतं. ओरडून ओरडून काकूचा आवाज पार घोगरा झाला होता, ओळखूसुद्धा येईना. आणि काकू तेवढ्यावर थांबली नाही. पडू नये म्हणून तिला धोतरानं बाजेला बांधलं होतं, तरी हात मोकळे होते. तिनं इंद्रभानची टोपी दरीत भिरकावली, शालिग्रामच्या टाळक्यात बुक्की घातली, पथकाच्या बापजाद्यांना नावं ठेवली. यातलं काहीच वहीत नव्हतं. अस्सल कलावंत असाच असतो, असं कोकिळाला वाटलं.

वामनराव सर्वांच्या पुढं, रस्त्यावर नजर ठेवून. भावाच्या बायकोकडे वळून पाहायचं नाही म्हणजे नाही. कान मात्र लाल झाले होते.

साहेबांच्या अगदी कानाशी हलगी वाजत होती. त्यांना ऐकू काही येत नव्हतं, नुसते हवेतले हात दिसत होते. मांडवात बाज टेकेपर्यंत पेशंट दमून गप्प झाली, पदर तोंडावर तसाच.

"पेशंट एवढी झटापट करतेय, आणि पथकाची शिस्त ढळत नाही," साहेब म्हणाले. "आणि काय अभिनय केला बाईंनी."

तो मी बसवला, हे कोकिळानं नम्रपणे दोनदा सांगितलं.

साहेबांनी वामनरावांच्या छातीवर बिल्ला लावला. टाळ्या झाल्या. वामनरावांनी तो बोटानं चाचपला, मग पुन्हा चाचपला. येत्या बाजाराला वरवटलाच जायचं, म्हणाले.

तेवढ्यात मागून कुणीतरी कोकिळाची वेणी ओढली. ती वळली. हिरवं लुगडं, हनुवटीपर्यंत पदर.

"तुह्या बापाले विचार," अंबूबाई काकू तिच्या कानात कुजबुजली, "मले आणाले कवा येता म्हणा. दगडावर कोनी हिरव्याच लुगड्याची बाई दम खात बसली होती म्हणून मी झाडामागं टेकली. तिले नेलं तं दिसलं मले, पण मोठ्यायपुढं आवाज कसा देऊ?"

मांडवात शालिग्रामनं धोतराची गाठ सोडली. बाजेवरची बाई उठून बसली, तिनं पिकल्या केसांवरून पदर मागं टाकला आणि साहेबांवर बोट रोखलं.

"मोत्या, तुह्याच बढतीच्या नवसाले अनवाणी चढून राह्यली होती रे मी. चाळीस पायऱ्या उरल्या होत्या."