पित्ताच्या पिशवीचा फोटो

रुपरावांनी गोळ्या गालात दडवल्या, वरून घोटभर पाणी घेतलं आणि चूळ भरायच्या निमित्ताने मोरीत जाऊन सगळं थुंकून टाकलं.

"गिळल्या का जी?" प्रयागबाईंनी चुलीजवळूनच विचारलं.

"गिळल्या वं."

बायकोशी खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण पोट फाडून घेण्यापेक्षा ते बरं. हिंगण्याच्या कारखान्यात त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा नानाजी पोटाच्या ऑपरेशनला गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून रुपरावांनी ऑपरेशनची धास्तीच घेतली होती. बरगडीखाली कळ उठली की ते दात आवळून गप्प बसायचे. शेवटी प्रयागबाईंनीच त्यांना धरमपेठेत एक्स-रेवाल्या डॉक्टरांकडे नेलं होतं.

सन बहात्तरची गोष्ट. पित्ताच्या पिशवीचा फोटो तेव्हा असाच निघायचा. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, "रात्री या गोळ्या घ्या. औषध पिशवीत उतरलं की ती फोटोत पांढरी दिसते. आत खडे असले तर तेही कळतात."

रुपरावांनी एवढंच ध्यानात ठेवलं. गोळ्या नाहीत तर पिशवी दिसणार नाही, पिशवी दिसली नाही तर खडेही दिसणार नाहीत. मग डॉक्टर कापणार तरी काय?

सकाळी फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पिशवी दिसतच नाही. कधी कधी पहिल्या खेपेस औषध लागू पडत नाही. आज रात्री पुन्हा घ्या, उद्या परत काढू. जेवणात तेल-तूप नको."

रात्री प्रयागबाईंनी भात आणि बिनफोडणीचं वरण वाढलं. पहिल्याच घासाला रुपरावांनी तोंड वाकडं केलं.

"वरण काहून कडू लागून राहिलं वं?"

"तोंडच कडू झालं असन तुमचं. खाऊन घ्या."

ते निमूट जेवले. मग बाईंनी त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. रुपरावांनी त्या गालात धरल्या आणि मोरी गाठली. या खेपेस बाईंनी काही विचारलं नाही.

दुसरा फोटोही तसाच निघाला. पिशवीचा पत्ता नव्हता. रुपरावांना हायसं वाटलं.

"काहीच नाही ना? मंग जाऊ का घरी, डाक्टरसाहेब?"

"घरी कुठे निघालात?" डॉक्टर म्हणाले. "दोनदा गोळ्या घेऊनही पिशवी दिसत नाही, म्हणजे ती कामातून गेली आहे. औषधाला आत शिरायला वाटच उरलेली नाही. सोमवारी भरती व्हा. काढावी लागेल."

रुपरावांच्या पायाखालची जमीन सरकली. आता लाज गेली तरी चालेल, जीव वाचवायला हवा होता.

"म्या गोळ्या खाल्ल्याच नाही, साहेब! दोन्ही खेपेले थुंकल्या. माही पिशवी चांगली आहे!"

डॉक्टरांनी प्रयागबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"पहिल्या खेपेच्या मले मोरीत दिसल्या," त्या म्हणाल्या. "म्हणून काल यायच्या हातावर म्या माह्या कॅल्शियमच्या गोळ्या ठेवल्या, साहेब. तुमच्या तर कुटून वरणात कालवल्या होत्या."