पान्याची रिकामी जागा

आमच्या विमानाच्या शेडच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आहे. एका पान्याची जागा माझ्या लहानपणापासून रिकामी. “तो सापडेपर्यंत विमान उडणार नाही,” हा बाबांचा हेका. “नवा घ्या की!” आई वैतागायची. “नवा घेतल्याने इंजिनात कुठेतरी पडलेला जुना बाहेर येतो का?” बाबा डाफरायचे. आईने त्या दोन सीटांच्या विमानाचं नावच ‘सवत’ ठेवलेलं. यंदा मी इंजिनाचा कप्पाच साफ करायला घेतला. कडक झालेल्या नळ्या बदलल्या, लोंबत्या वायरी बांधल्या, पत्रे रंगवले. आज शेवटचा कोपरा राहिला होता. तिथलं दगडासारखं झालेलं ग्रीस खरवडताना काहीतरी खणकन वाजलं. “बाबा, पाना!” मी किंचाळले. बाबा एका चपलेनिशी धावत आले. पाना शर्टालाच पुसून त्यांनी आकृतीवर टांगला. “आईला बोलाव!” मी वळले. आई केव्हाच सीटचा पट्टा बांधून सवतीच्या मांडीवर बसली होती.