हनुवटीवरचा तीळ

किल्लारीच्या भूकंपात रेणुकादास सरांची बायको गेली आणि तिचे सगळे फोटोही ढिगाऱ्यात गेले. तिच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडे होता की उजवीकडे, ते सरांना पुढं काही केल्या आठवेना. शाळेत पोरांना स्मरणचित्र शिकवणारा माणूस! शाळा सुटली की ते लातुरातल्या कोचिंग क्लासचे बोर्ड रंगवत. आज टॉपर तनुजाचा चेहरा पुरा झाला, तशी तीच खालून ओरडली, "सर, लई भारी! पण मला तीळ न्हाई की हो!" सरांनी हातातला फोटो पाहिला. खरंच नव्हता. बोर्डावर मात्र हनुवटीच्या डावीकडे ठसठशीत उतरला होता. "पुसा की," क्लासवाले म्हणाले. सरांनी टर्पेंटाइनचं फडकं उचललं. ओला रंग झटक्यात निघतो, वाळला की निघत नाही, हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं. "पुसतो," ते फडकं खांद्यावर टाकत म्हणाले, "जरा वाळू द्या."