सोन्यावरचा डाग

"तुम्ही दुरुस्त केलेलां ह्यां तिसरां यंत्र बिघडलां, भाई!" परशुराम तांडेलाने होडीचा जीपीएस टेबलावर आपटला. "देवबागच्या खाडीच्या तोंडार पडदो काळो झालो. होडी खडकार जातली होती. चार जीव होते माझ्याबरोबर."

भाईंनी झाकण उघडलं. आतल्या सर्किट बोर्डाच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या होत्या. सगळी जोडणी तिथूनच. त्यांवर तपकिरी-काळा डाग पडला होता.

"खाऱ्या वाऱ्यान," भाई म्हणाले.

"खारो वारो हिरवो डाग पाडता. तुम्हीच सांगलात माका. ह्यो हाताच्या घामाचो. कोणाचो हात लागलो ता सांगा, नायतर बंदरार सगळ्यांक सांगतंय, भाईंच्या हाताक गुण रवलो नाय."

भाई अंगठ्यावरचा कोयतीचा जुना वण चोळत राहिले. तीस वर्षं ह्या हातावरच दुकान चाललं होतं. दुरुस्त झालेल्या यंत्राला आतून अंगठ्याने भराडीदेवीचा अंगारा लावूनच ते झाकण बसवत. त्याशिवाय होडीवाले यंत्र घेऊन जात नसत.

दुकानात दुसरं माणूस एकच, चारुता. भाईंना मोतीबिंदू झाल्यापासून, गेली दोन वर्षं, भिंगाखालचं काम तीच करायची. तिच्या पगारावर तिचं तारकर्लीचं घर चालत होतं.

"हातमोजे घालतंस मां गो?"

"होय, भाई. रोज."

"मगे ह्यो डाग खंयसून इलो?"

चारुताने बोर्ड भिंगाखाली धरला. बराच वेळ पाहिलं. मग भाईंकडे पाहिलं.

"माझोच, भाई. कधी कधी मोजे काढतंय. चुकी झाली."

भाईंचा संताप अनावर झाला. "चार जीव जातले होते! उद्यापासून येव नको."

तिने हातमोजे घडी घालून टेबलावर ठेवले आणि चप्पल घालून गेली.

"बरां झालां," परशुराम निवला. "आता तुम्हीच करा. अंगारो लावक इसरा नको."

"लावतंय रे बाबा."

डाग पुसायचा तर आधी दिसायला हवा. भाईंनी दोन वर्षांनी पहिल्यांदा भिंगाला डोळा लावला, बोर्ड अगदी जवळ आणला. डागात बोटाच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. अंगठा होता तो.

अंगठ्याच्या मधोमध कोयतीच्या धारेसारखी तिरकी चीर होती.