सुदामा पोचेपर्यंत

कोठी गावच्या दवाखान्यात रुग्णांचे दात साफ करणाऱ्या त्रिवेणीताईंनी मागच्या महिन्यात छोट्या ओवीला सांगितलं होतं, "रोज दोन मिनिटं दात घासायचे. तेवढा वेळ आजोबा काहीतरी गातील." आजोबा म्हणजे कीर्तनकार केशवबुवा. त्यांनी आनंदानं मान डोलावली.

आज आजोबांबरोबर आलेल्या ओवीचे दात तपासताना ताई दचकल्याच. दात लख्ख, पण हिरड्या लालेलाल!

"अगं, घासतेस तरी किती वेळ?"

"आजोबांचं संपेपर्यंत. काल सुदामा द्वारकेला पोचेपर्यंत हात दुखला."

"मग थांबायचं की!"

"नक्को! कीर्तनातून मध्येच उठायचं नसतं."

ताईंनी बुवांना हात जोडले. "बुवा, आजपासून नुसती आरती."

ओवीचा चेहरा पडला. "मग सुदाम्याचं काय?"

बुवा खाकरले. "तो थांबेल वेशीवर. तू आधी चूळ भरून ये."